पानी की पाणी?



२०२३ सालच्या जानेवारीतली गोष्ट. प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या संध्याकाळी पद्म पुरस्कारांची यादी जाहीर झाली आणि आमच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एकच धांदल उडाली. यादीत परशुराम खुणे यांचं नाव होतं. मुक्काम गुरनोली, तालुका कुरखेडा, जिल्हा गडचिरोली. झाडीपट्टी रंगभूमीवरचे विनोदी नट. आणि पद्मश्री! जो तो फुलं आणि टाळ्या पाठवत होता. त्या गर्दीत एका जुन्या विद्यार्थ्याचा निरोप आला. गटावर नाही, एकट्या मला.

"बाई, आता पानी चालते का?"

एवढंच. पुढे हसरा चेहरासुद्धा नव्हता.

मी मात्र एक हसरा चेहरा पाठवला आणि फोन पालथा घालून ठेवला. चौतीस वर्षं मराठी शिकवलेल्या बाईला पाच शब्दांच्या प्रश्नाचं उत्तर सुचू नये, ही काही भूषणाची गोष्ट नाही. तो प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे. आज बसले आहे उत्तर लिहायला. थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

पुण्याच्या आणि परदेशातल्या आमच्या नातेवाईक मंडळींसाठी आधी थोडी ओळख करून देते. वैनगंगेच्या खोऱ्यातला भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली असा धानाचा, तलावांचा आणि जंगलाचा मुलूख म्हणजे आमची झाडीपट्टी. माझ्या लहानपणी हे दोनच जिल्हे होते, भंडारा आणि चांदा. गडचिरोली १९८२ साली वेगळा झाला, गोंदिया १९९९ साली. दिवाळी झाली, धान बांधीतून घरी आलं की आमच्याकडे नाटकांचा हंगाम लागतो, तो थेट होळीपर्यंत. दिवसा गावात मंडई किंवा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, आणि रात्री नाटक. नाटक म्हणजे दोन-अडीच तासांचं नव्हे हं! रात्री दहा-अकराला पडदा उघडायचा आणि कोंबडं आरवलं तरी शेवटचा अंक चालूच. देसाईगंजला, म्हणजे आमच्या वडशाला, नाटक मंडळांची कार्यालयं आहेत. हंगाम लागायच्या आधी गावोगावची मंडळी तिथे जाऊन तारखा पक्क्या करतात.

आमचं नाट्यगृह म्हणजे शेत. जमीन खोदून उतरता खड्डा करायचा, निघालेल्या मातीचा रंगमंच करायचा, वर मंडप घालायचा. आम्ही लहानपणी खासरात तनस टाकून, त्यावर सतरंजी अंथरून नाटकाला जायचो. सोबत आजी, आत्या, शेजारची माय, आणि पितळी डब्यात काहीतरी खायला. दुसऱ्या अंकात निम्मी मुलं झोपलेली असायची. पण एक गंमत होती. विनोदी नट आला की आजी आम्हाला हलवून उठवायची. "उठ गे टुरी, आला पाय तो!" नायक-नायिकेच्या दुःखासाठी तिनं कधी उठवल्याचं आठवत नाही.

मागच्या रांगेतून नटाचा चेहरा दिसायचा नाही. दिसायचा तो त्याचा भडक रंगाचा सदरा, आणि यायचा तो आवाज. वरून तारेनं टांगलेले दोन-तीन माइक, नट फिरत-फिरत त्यांच्याखाली येऊन बोलायचे. थंडीची रात्र, वारा, मधूनच रडणारं पोर, बाहेर चहावाल्याची हाक. या सगळ्यातून आवाज पोचवायचा. म्हणून आमच्याकडचा विनोदी नट हा पहिल्यांदा आवाजाचा माणूस असतो. एकाच तोंडानं तो म्हातारी होतो, पाटील होतो, हवालदार होतो, दारू प्यालेला जावई होतो. झोपेतल्या मुलालासुद्धा कळतं की आता कोण बोललं. ही कला शिकवणारी शाळा आमच्याकडे नव्हती. दंडार आणि खडी गंमत हे आमचे जुने लोकप्रकार, हीच काय ती शाळा. रात्रभर गाऊन, बोलून, हजरजबाबीपणानं लोकांना जागं ठेवायचं, हे त्यातूनच आलं.

परशुराम खुणे या परंपरेतले. शेतकरी माणूस. पुरस्काराच्या वेळी सरकारनं त्यांची जी माहिती दिली तिच्यात पाच हजारांहून अधिक प्रयोग आणि आठशे वेगवेगळ्या भूमिका असे आकडे होते. मी गणिताची बाई नाही, तरी हिशेब करून पाहिला. हंगामात शंभर रात्री धरल्या तर पाच हजार प्रयोगांना पन्नास हंगाम लागतात. पन्नास हिवाळे हा माणूस रात्रभर जागला आणि लोकांना त्यानं जागवलं! त्यांच्या गाजलेल्या भूमिकांमध्ये 'एकच प्याला'मधला तळीराम मोजला जातो. आता यातली गंमत पाहा. गडकऱ्यांचं हे नाटक ते गेल्यानंतर, १९१९ साली रंगभूमीवर आलं. गडकरी गेले ते आमच्या विदर्भातच, सावनेरला. आणि गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात २०१५ साली आली, २०२१ साली उठली. म्हणजे कागदावर ज्या जिल्ह्यात थेंब मिळत नाही, तिथे तळीराम झोकांड्या खात येतो आणि मंडपात हशा उसळतो. तो हशा फक्त तळीरामाला नसतो. पुढच्या खुर्चीवर कोण बसलंय, कुणाच्या सांदवाडीत काय शिजतं, हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. नटानं नाव घ्यायची गरज नाही, नुसतं त्या दिशेला बघून थांबलं की पुरे. आमचा विनोद हा असा आहे. जे ग्रामसभेत कुणी बोलत नाही ते मंडपात पहाटे दोन वाजता बोललं जातं, आणि ज्याला लागायचं त्याला लागतं.

वर्तमानपत्रांनी खुणे यांचं कौतुक कसं केलं? "विदर्भाचे दादा कोंडके." मला कळतं, वाचकाला पटकन समजावं म्हणून असं लिहितात. दादा कोंडक्यांबद्दल मला आदर आहे. 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये त्यांनी सोंगाड्याला पुन्हा राजाच्या दरबारात उभं केलं, १९७१ च्या 'सोंगाड्या'नंतर तर सगळ्या महाराष्ट्राला हसवलं. पण मला सांगा, दादांना कधी कुणी "मुंबईचे परशुराम खुणे" म्हटलं का? आमच्या माणसाची उंची मोजायला पट्टी नेहमी तिकडची. ही तक्रार लहान आहे, मला ठाऊक आहे. पण मी जी मोठी गोष्ट सांगणार आहे तिचं हे पिल्लू आहे.

मोठी गोष्ट अशी. मी लहानपणापासून पाहिलेल्या नाटकांत नायक कोणत्या भाषेत बोलायचा? प्रमाण मराठीत. "प्रिये, तुझ्याविना हे जीवन व्यर्थ आहे." नायिका? प्रमाण मराठीत. खलनायक? तोही शुद्ध! नायिकेची विधवा आई शुद्ध भाषेत रडायची. आणि आमची झाडीबोली, जी मंडपात बसलेल्या प्रत्येकाच्या घरात बोलली जात होती, ती कुणाच्या तोंडी? गड्याच्या, हवालदाराच्या, वेंधळ्या नवऱ्याच्या. विनोदी नटाच्या. तो नुसता "काऊन गा?" म्हणाला की लोक हसायचे. त्यात विनोद काय होता? आमच्या घरी रोज शंभर वेळा कुणीतरी "काऊन गा" म्हणत होतं, आणि कुणी हसत नव्हतं.

म्हणजे आम्ही आमच्या नाटकात, आमच्या शेतात बसून, आमच्याच भाषेला हसत होतो. आणि आम्हाला ते कळतही नव्हतं.

आता माझी कबुली.

मी बी.ए. झाले, मराठी घेऊन, आणि नोकरीला लागले. वर्गातली बहुतेक मुलं झाडीबोली बोलणारी. झाडीबोलीत ण नाही, ळ नाही, श नाही. पाण्याला पानी, डोळ्याला डोरा, फळाला फर. ही चूक नव्हे, ही त्या बोलीची रीत आहे. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी आयुष्य घालून या बोलीचा अभ्यास केला आणि हे सगळं नीट मांडून दाखवलं. पण तो अभ्यास माझ्या हाती पडायला फार वर्षं जायची होती. मला तेव्हा एवढंच माहीत होतं की मुलांचे उच्चार "सुधारायचे" आहेत. त्यात मी स्वतः घरी आईशी पानी आणि डोराच बोलत होते. शाळेच्या फाटकाशी चप्पल झटकावी तशी बोली झटकायची आणि आत जायचं.

पाचवीत एक मुलगा होता. हुशार, बडबड्या, गोष्टी सांगण्यात पटाईत. तो प्रत्येक वाक्यात चुकायचा, म्हणजे मला तेव्हा तसं वाटायचं. तो "बाई, पानी पियाले जाऊ का?" म्हणाला की मी त्याला थांबवायची. "पाणी म्हण. ण. बाणातला ण." तो प्रयत्न करायचा, वर्ग हसायचा, मीही हसायची. रागानं नव्हे, कौतुकानंच. निदान माझी तशी समजूत होती. दिवाळीनंतर माझ्या लक्षात आलं की हा मुलगा वर्गात बोलतच नाही. तहान लागली तर हात वर करून नळाकडे बोट दाखवायचा. मी त्याला मारलं नाही, रागावले नाही, तरी त्याचं बोलणं बंद झालं.

स्नेहसंमेलनात आम्ही एक नाटुकलं बसवलं. त्यात गड्याचं काम कुणाला द्यायचं? सगळ्या शिक्षकांनी एका आवाजात त्याचं नाव घेतलं. "त्याला काही शिकवायला नको, तो जसा बोलतो तसाच उभा करा, लोक हसतील." लोक हसले. खूप हसले. पालक, पाहुणे, सगळे. तो काम करून आत आला तेव्हा त्याचा चेहरा खुलला असेल असं मला वाटलं होतं. त्यानं डोक्याचा फेटा काढला, घडी घातली, माझ्या हातात दिला आणि विचारलं, "बाई, राजाचं काम कोनाले देता?"

मी म्हणाले, "ज्याचे उच्चार शुद्ध आहेत त्याला."

हे वाक्य मी विसरून गेले होते. त्यानं आठवण करून दिली नाही, माझं मलाच आठवलं, आणि कधी ते सांगते.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी मी मंडईच्या नाटकाला गेले होते. बाई म्हणून आता पुढे खुर्ची मिळायची. विनोदी नटाचा प्रवेश सुरू झाला. कोण नट होता ते महत्त्वाचं नाही. त्यानं अचानक शाळेचा प्रसंग लावला. एकटाच माणूस, दोन आवाज. एक बाईंचा, नाकातला, कडक इस्त्रीचा. दुसरा पोराचा.

"बाई, पानी पियाले जाऊ का?"
"पाणी म्हण! पाऽऽणी!"
"पाऽऽनी."
"ण! ण! ण!"
"न! न! न!"
"जीभ वर लाव, टाळूला!"
"लावली बाई, पन कोरडी हाये, चिकटून बसली."
"आता म्हण!"
"राहू द्या बाई, तहान मेली."

मंडप हसून लोटपोट. आयाबाया डोळे पुसत होत्या. मीही हसले. हसावंच लागलं, कारण मागचं अख्खं गाव माझ्या पाठीकडे बघत होतं. त्याला कुणी सांगितलं होतं की काय, कोण जाणे! बहुधा नाही. प्रत्येक गावात एक अशी बाई असणार हे त्याला ठाऊक होतं, तेवढं पुरे. पण त्या पोराचा आवाज काढताना त्यानं शेवटचं वाक्य हसवायला म्हटलं नाही. हळू म्हटलं. "तहान मेली." त्या क्षणी मला फेटा आठवला आणि राजाचं काम आठवलं.

मी त्या नटाला विसरलेले नाही. विनोदी नटाचं काम काय असतं हे मला त्या रात्री कळलं. प्रशिक्षणवर्गात, अधिवेशनात, तपासणीत मला कुणी जे सांगितलं नव्हतं, ते त्यानं दोन आवाजांत सांगितलं.

आता तुम्ही म्हणाल, बाई, मग तक्रार कसली? विनोदी नटानं तर बोलीची बाजू घेतली! बरोबर. म्हणूनच मी म्हणते, दोष विनोदी नटाचा नाही. उलट झाडीबोली रंगमंचावर टिकली ती त्याच्याच जिवावर. नायकाला बोलीत बोलायची लाज वाटत होती, लेखकाला लिहायची लाज वाटत होती, आणि आम्हा शिक्षकांना ऐकायची. एकटा तो बोलत राहिला, पन्नास-पन्नास हंगाम. आणि त्याचं बोलणं बहुतेक वेळा संहितेत नसायचंच! लेखकानं लिहिलेलं असायचं थोडं, बाकी तो त्या रात्री, त्या गावचं पाणी पाहून, उभ्या-उभ्या जोडायचा. नायकाची भाषणं वहीत राहिली. विनोदी नटाचं बोलणं पहाटे मंडप सोडताना लोकांच्या तोंडी गेलं आणि आठ दिवसांत विरून गेलं. आठशे भूमिकांमधलं किती बोलणं आज कुठे लिहिलेलं असेल? आमच्या शब्दांचा केवढा साठा त्यात असेल!

माझी तक्रार आहे ती आम्हा बाकीच्यांबद्दल. आम्ही बोलीला एकच दार उघडं ठेवलं, हसण्याचं. त्याच दारानं ती आत आली, तर आम्ही म्हणायला लागलो की ही बोली मुळातच विनोदी आहे. हे फक्त झाडीपट्टीतच आहे असं नाही. 'चला हवा येऊ द्या'मधून भारत गणेशपुरे यांची वऱ्हाडी घरोघरी गेली, २०१४ पासून. मला ते आवडतात. पण माझी पुण्यात वाढलेली नात एकदा मला म्हणाली, "आजी, तू फोनवर मावशीआजीशी बोलतेस ना, ते किती फनी आहे, पुन्हा बोल ना!" मी तिच्या मावशीआजीला गुडघ्याच्या दुखण्याबद्दल विचारत होते. पोरीचा काय दोष? तिनं विदर्भातलं बोलणं आजवर ऐकलं ते हशाच्या पार्श्वसंगीतासकट. त्यामुळे आजीचा गुडघादेखील विनोदी.

दुसरी बाजूही आहे, ती बघू. लक्ष्मण देशपांडे मराठवाड्याचे. 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या एकपात्री प्रयोगात त्यांनी एकट्यानं बावन्न पात्रं उभी केली, १९७९ पासून किती वर्षं. तेही आवाजाचेच जादूगार. तो प्रयोगही हसवणारा, पण त्यात बोली एकट्या गड्याच्या वाट्याला आलेली नव्हती. अख्खं घरदार त्या बोलीत बोलायचं, रुसायचं, रडायचं. त्यामुळे प्रेक्षक माणसांना हसत होते, भाषेला नाही. आणि २०१६ चा 'सैराट' घ्या. आर्ची सोलापूरकडच्या बोलीत प्रेम करते, दम देते, ट्रॅक्टर चालवते. ती बोलली म्हणून कुणी हसलं नाही, उलट महाराष्ट्रातल्या पोरी तिच्यासारखं बोलून बघू लागल्या. तेव्हा मला वाटलं, अरे, बोलीत नायिका होता येतं तर! मग आमच्या वैनगंगेकाठच्या टुरीनं काय घोडं मारलंय?

काही जण म्हणतील, प्रमाणभाषा नको का मग? हवी! मी ती आयुष्यभर शिकवली आहे आणि परत जन्म मिळाला तर परत शिकवीन. परीक्षा तिच्यात होतात, नोकरीचे अर्ज तिच्यात लिहितात. गडचिरोलीच्या पोरानं मुंबईच्या कचेरीत जाऊन बोलायचं तर त्याला ती यायलाच हवी. पण 'हे पण शिक' आणि 'ते टाकून दे' यांत फरक आहे. मी मुलांना दुसरं सांगत होते. आमच्याच जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, ती मान्यतेच्या कचाट्यात सापडली. त्या गावकऱ्यांनी जे ओळखलं ते मला बी.ए. होऊनही ओळखता आलं नव्हतं, की मूल शाळेत येतं ते भाषा घेऊनच येतं, रिकाम्या तोंडानं येत नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आम्ही पेढे वाटले. मराठी जुनी आहे, फार जुनी आहे. पण ती जुनी राहिली ती कुणाच्या तोंडात? दरबारात फारसी चालली, कचेरीत इंग्रजी चालली. तेवढा सगळा काळ ती बांधीत, जात्यावर, बाजारातच बोलली गेली ना?

आणखी एक आक्षेप मला घरातूनच आला. आमचे हे म्हणाले, "हल्लीच्या नाटकांत नाच आणि द्वयर्थी बोलणं किती असतं, त्याचं काय कौतुक?" खरं आहे. काही नाटकं मलाही अर्ध्यावर सोडून यावीशी वाटली आहेत. पण त्याचं कारणही मला इथेच दिसतं. ज्या भाषेला तुम्ही फक्त हसवायचं काम देता, तिला शेवटी स्वस्तात हसवायची सवय लागते. तिला रडायचं, रागवायचं, प्रार्थना करायचं काम द्या, मग बघा ती कशी सरळ उभी राहते. माझी आई शेवटच्या दिवसांत प्रमाण मराठीतला एकही शब्द बोलली नाही. तिनं माझा हात धरून जे काही सांगितलं ते झाडीबोलीत सांगितलं. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, आणि त्याहून शुद्ध मराठी मी ऐकलेली नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. झाडीपट्टीच्या नाटककारांनो, तुमच्यात आज शिकलेली, जाणती मंडळी आहेत. एकदा नायकाला झाडीबोली द्या. विनोदी नटाला वाटल्यास शुद्ध बोलू द्या, ते जास्त विनोदी होईल! ज्यांच्याकडे फोन आहे, म्हणजे सगळ्यांकडेच आहे, त्यांनी नाटकाला गेल्यावर नाचाचं चित्रण जरूर करा, पण विनोदी नटाची दहा मिनिटंही करून ठेवा. ज्येष्ठ नट अजून आहेत तोवर त्यांच्यासमोर बसा, शब्द लिहून घ्या, कोणत्या गावात काय बोलले ते विचारा. आणि माझ्या व्यवसायबंधूंनो-भगिनींनो, पोराला तहान लागली असेल तर आधी पाणी पिऊ द्या. ण नंतर शिकवता येतो.

पद्मश्री मिळाली हे फार चांगलं झालं. झाडीपट्टीतला विनोदी नट राष्ट्रपती भवनात पोचला. पण माझ्या लेखी तो सन्मान पुरा होईल तो ज्या दिवशी त्याच्या तोंडची बोली त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या राजाच्या तोंडी जाईल.

असो. बरंच लांबलं. आता हे लिहून झाल्यावर त्या माझ्या विद्यार्थ्याला उत्तर पाठवणार आहे. तो आता पन्नाशीला आला असेल, वडशाकडे त्याचं दुकान आहे, हंगामात नाटकवाल्यांना सामान पुरवतो असं ऐकते. उत्तर मी लिहून ठेवलं आहे, पाठवायचं तेवढं बाकी आहे.

"चालते बावा. तवाबी चालत होतं. चूक माही होती."

त्याचं काय उत्तर येतं ते कळवीन. तुमच्या घरची बोली कोणती, आणि ती तुम्ही कुठल्या फाटकापाशी ठेवून आलात, तेही मला जरूर कळवा.